आधीचं ताट

संध्याकाळी काम आटोपलं की कचरूभाऊ आधी आपल्या हातांचा वास घ्यायचे. दोन्ही तळवे नाकाशी नेऊन, डोळे मिटून. मग शेगडीतली राख घेऊन कोपरापर्यंत चोळायचे, पिळलेल्या लिंबाच्या साली बोटांच्या बेचक्यांतून फिरवायचे, तांब्याभर पाण्यात सगळं धुऊन काढायचे आणि पुन्हा वास घ्यायचे. नंतर अंगातला सदरा खुंटीला अडकवून पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेला दुसरा सदरा घालायचे. हा दुसरा सदरा पहिल्यापेक्षा जुना, खांद्यावर ठिगळ लावलेला. माणूस कामाला फाटका सदरा घालतो आणि रस्त्यानं जाताना बरा. कचरूभाऊंचं उलटं होतं. मी नवा होतो आणि स्वभावानं चोंबडा, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात विचारून मोकळा झालो, "कचरूभाऊ, सदरा डब्यात का ठेवता? उंदीर आहेत का?"

"उंदरं हायेत की," ते म्हणाले, "पण ते खुंटीवर बी जात्यात." आणि जिना उतरून गेले.

जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, एका कापडवाल्याच्या माडीवर आमचा स्टुडिओ होता. मालक अण्णा. मुंबईला जाहिरातीचे फोटो काढणाऱ्या एका साहेबाच्या हाताखाली काही वर्षं काढून, वडील गेल्यावर ते गावी परतले होते. लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो कुणीही काढतो, आपण खाण्याचे काढू, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. लोक त्यांना वेड्यात काढायचे, पण जालन्यात तेलाच्या आणि डाळीच्या गिरण्या होत्या, तूपवाले होते, पापड-मसालेवाले होते, आणि प्रत्येकाला आपल्या डब्यावर, पुड्यावर, दिवाळीच्या कॅलेंडरवर एक भरलेलं ताट हवं असायचं. रंगीत फिल्म परवडायची नाही. अण्णा काळा-पांढरा फोटो काढायचे आणि त्यावर मी रंग भरायचो. मी आष्टीचा, शेतकऱ्याचा मुलगा. चित्रकलेच्या मास्तरकीचा कोर्स केलेला, पण शाळा काही मिळालेली नव्हती. वरणाला पिवळा, लोणच्याला तांबडा, असा माझा वर्ग त्या माडीवरच भरायचा. म्हणून कचरूभाऊ मला मास्तर म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणू लागले.

स्वयंपाक अण्णांच्या पत्नीचा. त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. मागच्या खोलीत त्यांचा स्टोव्ह आणि शेगडी. फोटोतल्या एका फुगलेल्या पुरीसाठी त्यांना परातभर पुऱ्या तळाव्या लागत, कारण अण्णांनी काळ्या कापडात डोकं घालून बाहेर काढेपर्यंत पुरी बसलेली असायची. मग अण्णा पुरीवर चिडायचे, वहिनी अण्णांवर, आणि मधे दिव्यांच्या उन्हात घामानं निथळत कचरूभाऊ शांत उभे.

दिवे त्यांचे होते. म्हणजे विकत अण्णांनी घेतले असतील, पण ते कचरूभाऊंचं ऐकायचे. सिगारेटच्या पाकिटातले चंदेरी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी उजेड वळवायच्या ढाली केल्या होत्या. "उजेड वतायचा न्हाई, मास्तर, वाढायचा असतो. जिथं पायजे तिथं, पायजे तेवढा," असं ते म्हणायचे. आणि अण्णांनी समोरून झगझगीत दिवा लावायला सांगितला की हळूच म्हणायचे, "आण्णासाहेब, ताटाला बी लाज असती. तोंडावर दिवा मारला की ते तोंड फिरवतं." वरणावर वाफ दिसावी म्हणून ते वाटीमागं अगरबत्ती धरून बारीक फुंकर घालायचे. घरी बुद्धाच्या फोटोपुढं एक आणि इथं वरणापुढं दोन-तीन, असा त्यांचा अगरबत्तीचा हिशेब होता. "बुद्ध एकीत भागवतो. वरणाचं भागत न्हाई," असं तोंड सरळ ठेवून सांगायचे. मूळचे केदारखेड्याचे. उंच, काटकुळे, कपाळ मोठं. आधीचे दोन भाऊ गेले म्हणून आईनं नजर लागू नये असं नाव ठेवलं, कचरू. स्वतःच्या मुलीचं नाव मात्र त्यांनी निवडून सुजाता ठेवलं होतं. "तिनं बुद्धाला खीर वाढली व्हती. वाढणारीचं नाव हाय ते, मागणारीचं न्हाई," हे त्यांनी मला ओळख झाल्याबरोबर सांगितलं होतं.

फोटो झाला की खाण्यासारखं जे असेल ते वहिनी पत्रावळींत बांधायच्या. एक पुडा मला, एक कचरूभाऊंना. मी एकटा खोली करून राहायचो, मला तो पुडा म्हणजे दिवाळी. कचरूभाऊ हात जोडायचे. "वयनी, आमच्यात उरलेलं चालत न्हाई." दर वेळी तेच वाक्य, त्याच आवाजात. वहिनींना सुरुवातीला वाटायचं, यांना गोड सोसत नसेल. मग वाटलं, आपल्या हातचं आवडत नसेल. शेवटी त्यांनी विचारणं सोडलं आणि कचरूभाऊंचाही पुडा मला मिळायला लागला. मी दोन्ही खायचो आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळायचा नाही. विहिरींनी तळ दाखवला, बाजारात ज्वारी दिसेना, रेशनवर मिलो नावाचा परदेशी ज्वारीचा लाल दाणा मिळायला लागला. त्याची भाकरी थापताना फाटायची आणि चावताना तुटायची नाही. बायाबापे खडी फोडायला रस्त्याच्या कामांवर गेले. कचरूभाऊंच्या पत्नी गिरजाबाईही जायच्या. पण दुष्काळ पडला म्हणून व्यापाऱ्यांची कॅलेंडरं थांबत नाहीत. तूपवाल्याकडून तूप-साखर यायची, गिरणीवाल्याकडून तेल, आणि माडीवर आम्ही जिलब्यांवर उजेड पाडत बसायचो. खिडकीची दारं लावून घ्यायचो, कारण वास खाली गल्लीत जायचा आणि हमाल मान वर करून बघायचे. मला ते दिवस आठवले की अजून अस्वस्थ होतं.

त्या दिवसांत एका रविवारी अण्णांना तातडीचं काम निघालं आणि त्यांनी मला कचरूभाऊंना बोलावून आणायला पाठवलं. रुळांच्या पलीकडं त्यांची वस्ती. कुडाचं घर, पण सारवलेलं. गिरजाबाई कामावर गेल्या होत्या. कचरूभाऊ पाण्याच्या रांगेत होते. दारात सुजाता बसली होती. असेल आठएक वर्षांची. नुकतीच हिवतापातून उठलेली, मनगटं काडीसारखी. पुढ्यातल्या ताटलीत मिलोच्या भाकरीचा तुकडा कोरलेला तसाच पडला होता. मी ओळख सांगितली तशी ती उठून जवळ आली, माझी बाही धरली आणि नाक लावून हुंगली.

"मास्तरकाका, तुमच्या सदऱ्याला जिलबीचा वास येऊन राह्यला."

मी बाही सोडवून घेतली. ती पुन्हा म्हणाली, "बाबाच्या सदऱ्याला कसलाच येत न्हाई. बाबा म्हंत्यात, स्टुडिओत नुसते दिवेच असत्यात."

मागं कचरूभाऊ घागर घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. घागर उतरवली, पोरीला आत जायला सांगितलं, आणि आम्ही निघालो. कचरूभाऊंनी रूळ ओलांडले. मग म्हणाले, "पोरीकडं वास न्यायचा अन् हात रिकामे न्यायचे, हे बराबर न्हाई ना, मास्तर. म्हणून म्या वास बी नेत न्हाई."

मला राग आला. त्यांचा आला की माझा, ते त्या वेळी कळलं नाही. मी म्हणालो, "मग न्या ना पुडा. वहिनी काय उष्टं देतात का? कुणी तोंड लावलेलं नसतं त्याला."

ते चालता चालता थांबले. म्हणाले, "माझी आई केदारखेड्यात टोपली घिऊन दारोदार भाकर मागायची. गावकीचा हक्क व्हता तो, असं म्हणायचे. लोकायचं जेवण झालं की मंग आम्हाला. सण झाला की मंग. लगीन उरकलं की मंग. आमच्याकडं जे आलं ते समदं मंगच आलं. धर्म बदलला त्या साली आईनं ती टोपली चुलीत घातली. तिच्यावर हंडाभर पाणी तापवलं अन् आम्हा भावंडाला एका रांगेत बसवून आंघोळी घातल्या. म्हणली, आजपून या घरात उरलेलं येणार न्हाई. ते पाणी लई कढत व्हतं, मास्तर. मला अजून याद हाय." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "उष्टं न्हाई, मला ठावं हाय. पण उरलेलं हाय. फोटोचं काम झालं, मंग कचरूकडं आलं."

मी हे सगळं वहिनींना सांगितलं. सांगू नये असं ते म्हणाले नव्हते आणि म्हणाले असते तरी मी सांगितलंच असतं. वहिनी स्टोव्ह बंद करून बसून राहिल्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. "एवढी पोर," त्या म्हणाल्या, "आणि हा माणूस रोज माझ्या तुपात हात घालून जातो." नंतर दोन-तीन दिवस पुऱ्या करपल्या तरी अण्णांशी भांडल्या नाहीत.

एक दिवस त्या बाहेर आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "कचरूभाऊ, फोटोच्या नंतर चालत नाही. फोटोच्या आधी चालेल का?"

कचरूभाऊंनी हातातली ढाल खाली ठेवली.

"माझ्या घरच्या शिध्यातलं करीन. गिऱ्हाईकाच्या नाही. पहिला घाणा तुमचा. तुम्ही, गिरजाबाई, सुजाता, हे मास्तर. तुमचं जेवण झालं की मग ताट कॅमेऱ्यापुढं."

"मग कॅमेऱ्याला उरलेलं," अण्णा म्हणाले.

"कॅमेऱ्याची काही तक्रार नाही," वहिनी म्हणाल्या.

कचरूभाऊ बराच वेळ दिव्याची वायर गुंडाळत राहिले. मग विचारलं, "बसायचं कुठं, वयनी?"

"याच टेबलाला."

"आवतण?"

"घरी येऊन देईन."

आणि दिलं. मी बरोबर होतो. सवयीनं वहिनींनी कुंकवाचा करंडा पिशवीतून काढला, धर्म बदलल्यापासून कुंकू न लावणाऱ्या गिरजाबाईंच्या कपाळाकडं पाहिलं, गडबडल्या आणि करंडा परत पिशवीत ठेवला. गिरजाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "नुस्तं तोंडानं म्हणा की, बाई. तेवढं पुरतं."

ती पंगत मला डोळ्यापुढं लख्ख दिसते. तूपवाल्याच्या कॅलेंडरसाठी खीर, पुरी आणि बटाट्याची भाजी होती. टेबलावर चार ताटं मांडली. अण्णा म्हणाले, बसलाच आहात तर दिवे लावून घेतो, मला अंदाज येईल. त्यामुळे आम्ही भर उजेडात जेवलो. दोन वेण्या घातलेली सुजाता खिरीची वाटी दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि एकेक दिवा बघत होती. "बाबा, हे दिवे तुमचेच का?" "माझेच." "समदे?" "समदे." वहिनी वाढत होत्या आणि कचरूभाऊ पोटभर जेवत होते. मी त्यांना जेवताना पहिल्यांदाच पाहत होतो. सावकाश, मान खाली न घालता. त्या संध्याकाळी त्यांनी हात राखेनं चोळले नाहीत. पत्र्याचा डबा उघडला नाही. कामाचाच सदरा घालून, पोरीला खांद्यावर बसवून जिना उतरले, आणि ती त्यांच्या कॉलरीत नाक खुपसून बसली होती.

पुढं हीच रीत पडली. दर कामाला आधीचं ताट. "आज कोणाचं काम?" असं विचारायच्या ऐवजी कचरूभाऊ विचारायचे, "आज आधी काय हाय, वयनी?" पोरीच्या अंगावर मांस दिसायला लागलं. दुष्काळ हटला नव्हता, पण माडीवरचं वातावरण बदललं. अण्णासुद्धा पुरीवर कमी चिडायचे. मला वाटलं, सुटला प्रश्न. मी तरुण होतो, प्रश्न सुटतात असं मला वाटायचं.

महिना-दीड महिना झाला असेल. एका सकाळी कचरूभाऊ आणि गिरजाबाई दोघं आली. कामाला येतात तसे नाही. धुतलेले कपडे, दारातच उभे. कचरूभाऊ म्हणाले, "आण्णासाहेब, वयनी, मास्तर. आयतवारी आमच्याकडं जेवाय यायचं. गिरजानं शाळूची ज्वारी ठिवली हाय जपून."

"येऊ की," अण्णा म्हणाले.

वहिनींच्या हातातलं उलथनं कढईच्या काठावर थांबलं. "हो हो, येऊ," त्याही म्हणाल्या. गिरजाबाईंनी त्यांच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

माझं स्वतःचं काय होतं ते सांगतो. आष्टीला आईला कळलं असतं तर तिनं मला अंगणात उभं करून आंघोळ घातली असती आणि मगच घरात घेतलं असतं. पण आष्टी लांब होती आणि मला भूक लागत होती. वहिनींचं तसं नव्हतं. त्यांच्या घराला सोवळ्याची शिस्त होती. माहेरचीही तीच. पंगतीत वाढण्यापर्यंत त्या आपल्या पायांनी चालत आल्या होत्या आणि ते अंतर थोडं नव्हतं, हे मला आज कळतं.

रविवारी ठरल्याप्रमाणे मी अण्णांच्या घरी गेलो. वहिनी डोक्याला फडकं बांधून भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. अण्णा ओसरीवर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तू हो पुढं. हिचं डोकं धरलंय. मी एकटा आलो तर बरं दिसणार नाही." डोकं खरंच धरलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. माणसाचं डोकं अशा वेळी खरंच धरतं.

कचरूभाऊंच्या दारात शेणाचा सडा होता. पाण्याचा थेंब महाग असलेल्या त्या दिवसांत सडा. आत तीन पाट, तीन ताटं. कोपऱ्यात नवा माठ, त्यावर नवं झाकण. गिरजाबाईंनी शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी केल्या होत्या, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि गुळातली गव्हाची खीर. "वयनीला चालंल असंच समदं केलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागं कुणी येतंय का ते पाहू लागल्या. मी वहिनींचं डोकं दुखत असल्याचं सांगितलं. कचरूभाऊ म्हणाले, "मंग जरा वाट पाहू. उतरंल." आम्ही वाट पाहिली. सुजाता दोनदा रुळांपर्यंत जाऊन बघून आली. भाकरी गार झाल्या. शेवटी कचरूभाऊ म्हणाले, "मास्तर, बसा तुम्ही. तुम्ही आधी." मी एकटा जेवलो. खीर चांगली होती. माझ्या दोन्ही बाजूंना दोन ताटं वाढून झाकलेली होती आणि ती उचलायला कुणाचा हात पुढं होत नव्हता. त्या ताटांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

पुढच्या कामाच्या दिवशी वहिनींनी नेहमीसारखं आधीचं ताट मांडलं. नेहमीपेक्षा जास्तच वाढलं. कचरूभाऊ दिव्यापाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, "वयनी, माझं पोट आज बराबर न्हाई."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. डोकं दुखल्याचं सांगून वहिनींनी त्यांना जेवढी सोय करून दिली होती, तेवढीच त्यांनी पोटाचं सांगून वहिनींना करून दिली. वहिनींनी ताट उचललं आणि आत नेलं. त्या दिवशी कचरूभाऊंनी वरणावर उजेड असा पाडला की अण्णा कापडातून डोकं काढून नुसते बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी राख घेतली, लिंबाची साल घेतली, हात कोपरापर्यंत चोळले, वास घेतला, आणि पत्र्याचा डबा उघडून ठिगळाचा सदरा अंगात घातला.

आत वहिनी रडत होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, मी लुगडं काढून ठेवलं होतं हो. जायचंच असं ठरवलं होतं. वाढताना मला कधी काही वाटलं नाही. पण तिथं पाटावर बसून घास तोंडाशी नेतेय असं डोळ्यापुढं आणलं आणि लुगड्याची घडी मोडवेना. मी काय करू? मला माझीच लाज वाटते." मी हे कचरूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "त्यायला सांगा, कचरूच्या मनात काही न्हाई. मानूस एका दमात किती चालंल?" मग वायर गुंडाळत म्हणाले, "पण मास्तर, येणं-जाणं असलं तर ते जेवण. नुस्तंच एका बाजूनं आलं तर ते वाटप. मंग ते आधी येवो न्हाई तर मंग येवो."

 मला वाटायचं, पोरीसाठी तरी जेवावं या माणसानं. कधी कधी मी त्यांच्यावर मनातून चिडायचो. सुजाता पुन्हा मिलोच्या भाकरीवर आली होती. पण ते संध्याकाळी घरी जाताना रोज बाजारातून एखादा पेरू, कधी मूठभर फुटाणे विकत घ्यायचे आणि ते उघड्या हातावर धरून न्यायचे, हेही मी पाहत होतो.

पुढं पाऊस झाला. कचरूभाऊ आणखी काही वर्षं आमच्याकडं होते. वहिनी त्यांना चहा द्यायच्या, ते घ्यायचे. दिवाळीला ते वहिनींना लाह्या-बत्तासे आणून द्यायचे, वहिनी घ्यायच्या, आणि डब्यात ठेवायच्या. ते घरात कुणी खायचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मग व्यापाऱ्यांची कॅलेंडरं मोठ्या शहरांतून रंगीत छापून यायला लागली. माझे रंग आणि त्यांचे दिवे एकदमच बेकार झाले. मी एका शाळेला लागलो. ते एका गोदामावर. बाजारात भेटले की विचारायचे, "मास्तर, आता पोरायला रंगवता का?" एका उन्हाळ्यात कळलं की काविळीनं धरलंय, गावी नेलंय. मी जायचं ठरवेपर्यंत ते गेल्याचाच निरोप आला.

केदारखेड्याला त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी पुण्यानुमोदन, म्हणजे दिवसांचा कार्यक्रम होता. मी वहिनींना सांगायला गेलो, तेही नुसतं कळावं म्हणून. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्या म्हणाल्या, "मी येते." अण्णा ओसरीवर होते. ते म्हणाले, "गुडघे धरलेत माझे. माझा नमस्कार सांगा."

एस.टी. वाटेत पंक्चर झाली. आम्ही उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. पोचलो तेव्हा बुद्धवंदना होऊन गेली होती, पंगती उठल्या होत्या, बाया पातेली घासत होत्या. पाटावर कचरूभाऊंचा लहानसा फोटो, फुलं, एक अगरबत्ती. फोटो चांगला नव्हता. दिवा तोंडावर मारलेला होता. जन्मभर दिव्यामागं उभ्या राहिलेल्या माणसाचा आमच्या स्टुडिओतही कुणी फोटो काढला नव्हता.

वहिनींनी फुलं वाहिली. मग गिरजाबाईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गिरजाबाई, मी जेवायला आले आहे. फार उशीर केला. जे उरलं असेल ते वाढा."

गिरजाबाईंनी पातेल्यांकडं पाहिलं. पांढऱ्या साडीतली सुजाता पुढं झाली. आता ती मोठी झाली होती, बापाचं कपाळ घेऊन. शाळेत जात होती. ती म्हणाली, "उरलंय, काकू. पण ते तुम्हाला न्हाई वाढायचं. बाबानी आमच्या घरात ते कधी कुणाला वाढू न्हाई दिलं. तुम्ही बसा. म्या तवा टाकते."

"अगं, कशाला पुन्हा..."

"बसा, काकू," ती म्हणाली. आवाज अगदी बापाचा.

तिनं विझत आलेली चूल पेटवली. पीठ घेतलं, पाणी घेतलं. वहिनी भिंतीला टेकून त्या पोरीच्या हाताकडं बघत राहिल्या. भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मग दोन पाट मांडले गेले. गरम भाकरी, उसळ, आणि घाईघाईत शिजवलेली, गूळ नीट न विरघळलेली गव्हाची खीर. वहिनींनी पहिला घास खिरीचा घेतला. दुसरा भाकरीचा. मग त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली. वाढताना सुजाता रडत होती आणि जेवताना वहिनी.

परतीच्या गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "आवतण त्यांचं होतं, मास्तर. आणि मी जेवले तेव्हा तेच नव्हते." 

घरी पोचलो तेव्हा अण्णा ओसरीवरच बसले होते. बहुतेक दिवसभर तिथंच बसले असावेत. त्यांनी विचारलं, "काय होतं जेवायला?"

वहिनी पायरी चढून त्यांच्याजवळ गेल्या आणि आपला उजवा हात त्यांच्या नाकाशी धरला.